घरचा मेटल डिटेक्टर: व्होल्टेज वाढवू नका, आधी कॉइल बदला

पितळी_खिळा

पल्स इंडक्शनचं स्वस्त किट ज्यांनी जोडलंय त्यांच्यासाठी हा धागा. ५५५ आयसी (ठेका देणारा टायमर), आयआरएफ ७४० मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा स्विच), टीएल ०७२ ऑपअँप (बारीक सिग्नल मोठा करणारा), दोन पॉट (फिरवून जुळवायचे रेझिस्टर) आणि एक स्पीकर, एवढाच संसार असलेलं ते 'पायरेट' जातीचं सर्किट. रशियन हौशी मंडळींनी ते जगभर पसरवलं. जोडणी एका संध्याकाळी होते. रडारड त्यानंतर सुरू होते: 'व्हिडिओत हातभर खोल लागतं, माझं वीतभरसुद्धा लागत नाही.' मग पहिला उद्योग म्हणजे व्होल्टेज वाढवणे. तो करू नका, एवढंच सांगायला लिहितोय.

आधी मशीन काय करतं ते थोडक्यात. मॉस्फेट सेकंदाला सव्वाशे-दीडशे वेळा कॉइलमधून करंट सोडतो आणि झटक्यात तोडतो. तोडल्याबरोबर कॉइलच्या टोकांवर व्होल्टेज उसळतं. चारशे व्होल्टच्या आसपास गेलं की ७४० स्वतःच ते अडवतो. (चालू मशीनच्या कॉइलच्या टोकांना बोट लावू नका. बारा व्होल्टची बॅटरी आहे म्हणून गाफील राहणारे पुष्कळ.) चुंबकक्षेत्र कोसळताना जवळच्या धातूत एडी करंट, म्हणजे विजेचे छोटे भोवरे, फिरतात आणि हळूहळू विझतात. ते विझत असताना जो बारीक प्रतिसाद येतो, तो पकडायचा. म्हणजे कॉइल स्वतः जितक्या लवकर शांत होईल तितका लवकरचा प्रतिसाद ऐकू येणार. चांगल्या डिटेक्टरमध्ये यासाठी वेगळा सॅम्पलिंग गेट असतो, ठरलेल्या क्षणीच ऐकणारा. या किटात तो नाही, त्यामुळे सगळी भिस्त कॉइलवर.

किटासोबत काही वेळा कॉइल येतच नाही, आणि आली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून २५ गेजची वाइंडिंग वायर घ्या, वजनावर मिळते, जाडी अर्धा मिलिमीटर. २० सेंमी व्यासावर २५ वेढे. तार साधारण सोळा मीटर जाते, रेझिस्टन्स दीड ओहमच्या आत, इंडक्टन्स तीनशे ते साडेतीनशे मायक्रोहेन्री. साचा म्हणून भरतकामाची रिंग उत्तम, फक्त तिचा आवळायचा स्क्रू काढून टाका, नाहीतर मशीन आयुष्यभर त्या स्क्रूलाच शोधत बसेल. दांड्याला प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप. कॉइलजवळ एकही लोखंडी बोल्ट नको, नायलॉनचे मिळतात.

कॉइल बदलली की डॅम्पिंग रेझिस्टर बघायचा, म्हणजे कॉइलला जोडलेला, तिला लवकर शांत करणारा रेझिस्टर. किमती ठरलेल्या नसतात, कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स जशी तसा तो बदलतो. माझ्याकडे ३९० आणि ६८० ओहमच्या दरम्यान कुठेतरी जमतं. कमी घेतला तर कॉइल आळशी होते, जास्त घेतला तर ती घुमत राहते. ऑसिलोस्कोप असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर ४७० पासून सुरुवात करून वर चढत जा, आवाज अस्थिर झाला की एक पायरी खाली या.

फोटो नंतर टाकतो. आमच्याकडे वाळवा तालुक्यात ट्रॉलीच्या पिना आणि नांगराचे बोल्ट हरवायची परंपरा आहे, त्यामुळे चाचणीला जागेची कमी नाही.

इंजिनदादा

लेख छान, पण व्होल्टेजचं पटलं नाही. मी २४ वर चालवतोय. लोखंडी पत्र्याचा तुकडा आधीपेक्षा नक्की खोल लागतो. स्वतः बघितलंय.

पितळी_खिळा

इंजिनदादा, लागत असेल, नाही म्हणत नाही. किती जास्त, हा प्रश्न आहे. वस्तू कॉइलच्या व्यासापेक्षा लांब गेली की प्रतिसाद अंतराच्या साधारण सहाव्या घाताने कमी होतो. क्षेत्र जाताना तिसरा घात, प्रतिसाद परत येताना पुन्हा तिसरा. म्हणजे करंट दुप्पट केला तर खोली वाढते दोनच्या सहाव्या मुळाइतकी, १.१२ पट. २० सेंमीचे साडेबावीस. त्या अडीच सेंमीसाठी कॉइल आणि मॉस्फेटमध्ये चौपट उष्णता. शिवाय ५५५ ला सोळाच्या वर द्यायचं नसतं, तुम्ही तिला वेगळा रेग्युलेटर लावला असेल अशी आशा.

इंजिनदादा

७८१२ लावलाय, बारा व्होल्टचा रेग्युलेटर. मॉस्फेटला हीटसिंकही. अडीच सेंमी तर अडीच सेंमी, आमचं गाव तेवढ्यावर खूश आहे.

पितळी_खिळा

मग वाद मिटला. बॅटरी वाहून न्यायला मात्र माणूस ठेवा.

सुमा_त

नमस्कार. मला यातलं काही कळत नाही, पण गरज आहे म्हणून विचारते. सासूबाईंची मोत्याची कुडी अंगणात पडली, फिरकी सैल झाली होती. तुळशीभोवतीची माती नुकतीच उकरलेली. दिराने हेच किट आणून जोडलं. खिळे, बाटल्यांची झाकणं सगळं वाजतं, कुडी काही सापडत नाही. फोनवर मेटल डिटेक्टरचं ॲप आहे, त्यानेही बघितलं.

पितळी_खिळा

ताई, ॲप आधी काढून टाका. फोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर असतो, ते ॲप त्याचेच आकडे दाखवतं. लोखंड किंवा चुंबक जवळ असेल तर हलतं, सोन्याला त्याचा उपयोग शून्य.

कुडीचं दुखणं वेगळं आहे. बारीक सोन्याच्या तारेत एडी करंट काही मायक्रोसेकंदांत विझतात. आणि आपली कॉइल शांत होऊन ऐकायला तयार होईपर्यंत दहाएक मायक्रोसेकंद गेलेले असतात. खिळ्याचा प्रतिसाद त्याहून कितीतरी लांबतो, म्हणून खिळा वाजतो. मोठी कॉइल लावून इथे काहीच होणार नाही, उलट बिघडेल.

दिरांना सांगा: १० सेंमी व्यासाची कॉइल, ३६ वेढे, म्हणजे इंडक्टन्स तेवढाच राहतो. केबल शक्य तितकी आखूड. कोअॅक्स केबल मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास भर घालते, त्यामुळे लांब केबल म्हणजे उशीर. वाइंडिंग वायरऐवजी प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक मल्टिस्ट्रँड वायर वापरली तर वेढे आपोआप एकमेकांपासून दूर बसतात, कपॅसिटन्स घटते आणि डॅम्पिंग रेझिस्टर थोडा वर नेता येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरी कुडी घरात आहे ना? तीच चाचणीला घ्या. दोऱ्याला बांधून कॉइलसमोर धरा, किती अंतरावर वाजते ते बघा. तेवढाच तुमचा आवाका. नाण्यावर चाचणी करून फसू नका. आजचं एक रुपयाचं नाणं फेरिटिक स्टेनलेस स्टीलचं, चुंबकाला चिकटणारं. ते वाजलं म्हणून सोनं वाजेल असं मुळीच नाही.

बेंडिगोचा_बाळू

वरच्याला अनुमोदन. मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियात असतो, इथे शनिवार-रविवारी सोनं शोधायला बाहेर पडणारे लोक आहेत. छोट्या सोन्यासाठी ते साध्या पल्स मशीनच्या वाटेला जात नाहीत, वरच्या फ्रीक्वेन्सीचं व्हीएलएफ वापरतात, म्हणजे पल्सऐवजी सलग लहर सोडणारं मशीन. फिशरचं गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर चालतं. साधी नाणी शोधायची मशिनं याच्या कितीतरी खाली, दहाच्या आसपास. फ्रीक्वेन्सी वर गेली की बारीक तुकडा बोलतो, पण खोली जाते.

पल्सचं राज्य खोल आणि मोठ्या सोन्यावर, तेही इथल्या लाल, लोहयुक्त जमिनीत. 'हँड ऑफ फेथ' नावाचा सत्तावीस किलोचा गोळा १९८० मध्ये किंगोवरजवळ डिटेक्टरने सापडला. फार खोल नव्हता. लोक खोलीच्या मागे धावतात आणि पायाखालचं राहून जातं.

इथे यासाठी 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो, दहा वर्षं चालतो. तो असला तरी सगळीकडे खणता येत नाही, राष्ट्रीय उद्यानं बहुतेक वगळलेली आहेत.

गोठेवाला_डॉक्टर

विषय वाचून राहवलं नाही. जनावरांत मेटल डिटेक्टर आम्ही वापरतो. गाय चारा चावून बघत नाही, सरळ गिळते. कुट्टीत आलेली तार, खिळा दुसऱ्या पोटात, म्हणजे जाळीत, जाऊन बसतो. त्याच्या पुढे पडदा, पडद्यापलीकडे हृदय. जाळी आकुंचन पावली की तार पुढे सरकते. दूध एकदम उतरतं, गाय पाठ वाकवून उभी राहते, उताराला चालायला कचरते.

हौशी मंडळींना एक विनंती. घरचं मशीन गाईच्या कोपराजवळ धरून वाजलं, की 'तार आहे, ऑपरेशन करा' म्हणून फोन येतात. धडधाकट गाईतही धातू असतो. मशीन सांगतं की धातू आहे, तो टोचलाय की नुसता पडलाय हे सांगत नाही. आणि तार धरून ठेवायला गाईला चुंबक आधी गिळायला दिलेला असेल तर मशीन त्यालाच वाजेल. चुंबक आहे का हे बघायचं असेल तर साधं होकायंत्र छातीजवळ न्या, काटा हलतो.

पितळी_खिळा

डॉक्टरसाहेब, होकायंत्राचं मला नवीन. माझं मूळ काम कुट्टीचंच आहे. मशीनमध्ये कडबा जाण्याआधी चाचपायचा, म्हणजे पातंही वाचतं आणि गायही. त्यासाठी खोली लागतच नाही, एका पेंढीएवढा आवाका पुरतो. लाकडी चौकटीवर २० सेंमीची कॉइल आडवी बसवलीय, पेंढी तिच्यावरून सरकवायची. चौकटीत खिळे नाहीत, फेव्हिकॉल आणि लाकडी खुंट्या.

जांभ्याचा_माणूस

राजापूरहून. आमच्याकडे हे यंत्र जमिनीजवळ नेलं की नुसतं केकाटतं. अंगणात, कलमाच्या बागेत, सगळीकडे. हवेत धरलं की शांत. कॉइल बदलून झाली. काय करावं?

पितळी_खिळा

दगड कुठला, जांभाच ना? मग मशीन बरोबर आहे. जांभ्यात मॅगहेमाइट या चुंबकीय लोहखनिजाचे फार बारीक कण असतात. पल्स बंद झाल्यावर त्यांचं चुंबकत्व लगेच जात नाही, हळूहळू उतरतं. मशीनला ते धातूसारखंच दिसतं. आमच्या काळ्या रानात हा त्रास मला फारसा नाही.

उपाय दोन. थ्रेशोल्डचा, म्हणजे आवाज कुठे सुरू व्हावा ते ठरवणारा, साधा पॉट काढून दहा फेऱ्यांचा मल्टिटर्न लावा, कॉइल जमिनीपासून ठरावीक उंचीवर ठेवा आणि तिथेच आवाज शांत करा. उंची बदलली की पुन्हा बोंब. दांड्याला खाली प्लॅस्टिकची चाकं लावणारेही बघितलेत. दुसरा उपाय म्हणजे दोन सॅम्पल घेणारं सर्किट. लवकरच्या सॅम्पलमधून उशिराचं ठरावीक प्रमाणात वजा करायचं, म्हणजे जमीन शून्य होते आणि धातू उरतो. पण ते या किटावर ठिगळ लावून होत नाही, बोर्डच नवीन लागतो.

बेंडिगोचा_बाळू

नेमकं याच कारणाने इथली महागडी मशिनं महागडी आहेत. लाल माती इथेही तशीच बोलते. आणि त्या वजाबाकीत काही विशिष्ट आकाराचं सोनंही जमिनीबरोबर शून्य होतं, ते फुकट मिळत नाही.

जांभ्याचा_माणूस

चाकांचं करून बघतो. पाचेक बोटं वर धरलं तर खरंच गप्प राहतं. धन्यवाद.

किल्लेकर

आमच्या ग्रुपमध्ये किल्ल्याच्या पायथ्याला जाऊन शिवराई शोधायचा बेत चाललाय. या मशीनला किती खोल लागेल? तांब्याचं नाणं आहे, तेव्हा बरं वाजावं.

पितळी_खिळा

वाजेल, आणि म्हणूनच नेऊ नका. उत्तर खोलीचं नाही, कायद्याचं आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, केंद्राचा १९५८ चा कायदा आणि राज्याचा १९६० चा, दोन्हीकडे. हद्दीबाहेर स्वतःच्या शेतात काही सापडलं तरी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! आकडा ब्रिटिशांच्या वेळचा, पण कायदा जिवंत आहे आणि न कळवण्याला कैद आहे. शंभर वर्षांवरचं नाणं असेल तर १९७२ चा पुरावशेषांचा कायदाही वर बसतो.

किल्लेकर

एवढं सगळं कोण बघतं? सगळेच जातात.

गोठेवाला_डॉक्टर

बघणारे बघतात, पण मुद्दा तो नाही. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं यावरून पुढचा अभ्यास चालतो. तुम्ही उपसून खिशात घातलं की उरतो तांब्याचा तुकडा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यातले अकरा आपले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. फोटो लावून अभिमान सगळ्यांनी मिरवला. मग पायथ्याला खड्डे कशाला?

इंजिनदादा

+१. आणि फायरिंग रेंजच्या जवळपास राहणाऱ्यांनी तर घराबाहेर मशीन काढूच नये. देवळाली, के. के. रेंज या भागात जमिनीत काय असेल सांगता येत नाही. वाजलं की उकरायचं, ही सवय तिथे जिवावर बेतेल. संशयास्पद वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवा.

सुमा_त

कळवायला आले. दहा सेंमीची कॉइल दिराने गुंडाळली. दुसरी कुडी समोर धरली तर जेमतेम दोन बोटांवर वाजते. मग सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा उंचीसाठी यंत्र कशाला. वरची चार बोटं माती घमेल्यात घेतली आणि पिठाच्या चाळणीने चाळली. कुडी सापडली. मोती एक निखळलाय, फिरकी अजून बेपत्ता आहे. दिराचा चेहरा बघण्यासारखा होता.

पितळी_खिळा

सासूबाईंना नमस्कार सांगा. चाळणीला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज शून्य करणं, लागत नाही.

फिरकीसाठी मात्र मशीन वापरू नका, ती कुडीपेक्षाही लहान. तीच चाळलेली माती पुन्हा, आणखी बारीक चाळणीने.

नवशिक्या_सोल्डर

माझा प्रश्न बारीक आहे. घरात मशीन सतत घरघरतं. बाहेर गच्चीवर थोडं कमी. कॉइल तुम्ही सांगितली तशीच. पॉवर लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवरून देतोय.

पितळी_खिळा

अडॅप्टर काढा, निम्मी घरघर तिथेच जाईल. तीन लिथियम सेल एकामागे एक, भरलेले असताना साडेबाराच्या वर मिळतात, संरक्षण बोर्डासकटच घ्या. व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल मध्ये घालू नका, ते स्वतःच कचरा सोडतं.

उरलेली घरघर भिंतीतल्या वायरिंगची. ५५५ च्या पल्सचा दर मोजा. तो १०० किंवा १५० च्या अगदी जवळ असेल तर मेन्सच्या ५० हर्ट्झशी गाठ पडून आवाज लाटांसारखा चढतो-उतरतो. टायमिंग रेझिस्टर थोडा बदलून १२५-१३० वर आणा.

आणि घरात चाचणी करूच नका. स्लॅबमध्ये सळया, पलंग लोखंडी. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला खुद्द ग्रॅहम बेल यंत्र घेऊन गेले होते, तेव्हाही गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असं सांगतात. डॉक्टरही त्यांना एकाच बाजूला शोधू देत होते म्हणे, ते निराळं.

नवशिक्या_सोल्डर

सेलवर टाकलं, घरघर गेली. आता शिल्डिंगसाठी, म्हणजे बाहेरची विजेची गडबड अडवायला, कॉइलवर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळू का?

पितळी_खिळा

स्वयंपाकघरातली फॉइल नको, पल्स मशीनला ती स्वतःच धातू म्हणून दिसते. लावायचंच असेल तर ग्रॅफाइटचा रंग, आणि वर्तुळ पूर्ण करायचं नाही, बोटभर फट ठेवायची. नाहीतर तो एक बंद वेढा होतो. गावाकडे, रेडिओ टॉवर जवळ नसेल तर, शिल्डशिवाय माझं भागतं.

व्हॉल्व्हमन

मी गावच्या पाणीपुरवठ्यावर आहे. रस्ता डांबरी झाला तेव्हा चार-पाच व्हॉल्व्हचे चेंबर मुरमाखाली गेले. जुने नकाशे कुणाकडे नाहीत. बिडाचे व्हॉल्व्ह आहेत, दोन-अडीच फूट खोल असावेत. या किटावर होईल का, की मोठी कॉइल लागेल?

पितळी_खिळा

तुमच्यासाठी मोठीच. ४० सेंमी व्यास, १५-१६ वेढे, इंडक्टन्स तोच राहतो. सायकलची रिम चालणार नाही, धातूची असते. पाणी भरायच्या प्लॅस्टिकच्या ड्रमचं झाकण बघा, त्याच्या कडेला वायर टेपने पक्की करा. वायर हलली की खोटा आवाज येतो. या आकाराला खिळे आणि झाकणं कमी दिसतील, ते तुमच्या फायद्याचंच.

सुरुवातीला माहीत असलेल्या एखाद्या व्हॉल्व्हवर चालून बघा, तोही तेवढाच खोल असलेला. तिथे वाजला नाही तर बाकीचे शोधण्यात वेळ घालवू नका. इंजिनदादांचा २४ व्होल्टचा प्रयोग करायचा असेल तर हीच जागा, मोठं लोखंड आहे.

इंजिनदादा

बघा, आलात ना वळणावर. व्हॉल्व्हमन, ७८१२ आणि हीटसिंक विसरू नका. आणि चेंबरवरचं झाकण लोखंडी आहे का काँक्रीटचं?

व्हॉल्व्हमन

दोन लोखंडी, बाकी काँक्रीट. लाइन पीव्हीसीची आहे, तीही लागेल का?

पितळी_खिळा

पीव्हीसीची लाइन लागणार नाही. काँक्रीटच्या झाकणात सळया असतील तर व्हॉल्व्हच्या आधी त्याच वाजतील, चेंबर सापडायला तेवढं पुरे. आवाज जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे चुन्याच्या खुणा करा, दोन्ही दिशांनी चालून. मधोमध पहारीने आधी चाचपा, मग खोदा.